लईराई, तिच्या बहिणी आणि म्हापशाची सायबीण

रानमोगरा

वैशाख शुद्ध पंचमी जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते व्हिडिओ फिरायला लागतात. अंधार, निखाऱ्यांचा ढीग, त्यातून पळत जाणारे उघड्या अंगाचे धोंड, आणि खाली 'अंगावर काटा आला' अशा शंभर प्रतिक्रिया. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या शिरगावची ही लईराईची जत्रा. माझं माहेर डिचोलीचं. त्या व्हिडिओंबद्दल माझी एकच तक्रार आहे: देवी विस्तवावरून का चालते, हे कुणी सांगतच नाही. आणि ते सांगायचं तर आधी तिच्या बहिणी सांगाव्या लागतात. म्हणून हा धागा.

सात बहिणी आणि एक भाऊ हत्तीवर बसून फिरत फिरत मये गावात येऊन पोचले. लईराई, केळबाई, महामाया, मोरजाई, मिराबाई, शीतलाई, अंजदीपा. भाऊ खेतोबा, एकुलता एक आणि अर्थातच लाडोबा. चूल पेटवायला विस्तव हवा होता, म्हणून लईराईने त्याला वस्तीत पाठवलं. वाटेत पोरं खेळत होती, हा तिथेच रमला. इकडे बहिणी उपाशी. वाट बघून बघून लईराई स्वतः शोधायला गेली, बघते तर भाऊ खेळतोय. तिने रागाच्या भरात त्याच्या पाठीत लाथ घातली. वायंगिणी गावातल्या खेतोबाची पाठ वाकलेली आहे ती त्या लाथेने, हे आमच्याकडे शाळेत न जाणारं पोरही सांगतं.

राग उतरल्यावर व्हायचं तेच झालं. ज्या विस्तवापायी भावाला लाथ मारली त्याच विस्तवावरून दर वर्षी चालेन, असं प्रायश्चित्त लईराईने घेतलं. केळबाईने डोक्यावर आग घेतली. मिराबाई म्हणाली, मी इथे राहतच नाही. ती म्हापशाला निघून गेली आणि तिथे मिलाग्रीस सायबीण झाली. होय, तीच, चर्चमधली मेरी माता. बाकीच्या पांगल्या: लईराई शिरगावला, केळबाई शेजारच्या मुळगावला, महामाया मयेलाच, मोरजाई मोरजीला. शीतलाई पाताळात गेली आणि अंजदीपा समुद्रात.

पुराणातल्या देवी दैत्य मारतात. आमची देवी भावाला लाथ मारते आणि त्याची भरपाई अजून करते आहे. मला ती त्यासाठीच आवडते.

गोव्यातल्या, सावंतवाडी-दोडामार्गकडच्या मंडळींनी भर घालावी. गोष्टीचे पाठभेद असतील तर जरूर लिहा.

खडकमाळ

मस्त. पुण्यात बसून वाचतोय, तेव्हा बाळबोध प्रश्न विचारतो. धोंड म्हणजे पुजारी का? कुणीही होऊ शकतो? आणि (हा प्रश्न येणारच होता) भाजत नाही का?

काठीवाला

दोडामार्ग. आमच्या घरात आजोबा धोंड, काका धोंड, आता चुलतभाऊ. मी नाही. व्रत झेपत नाही, खोटं कशाला बोला.

धोंड पुजारी नव्हे. तो देवीचा व्रती. गोव्यातून येतात तसे आमच्या सिंधुदुर्गातूनही खूप जातात. जातीची अट नाही, अट सोवळ्याची. कुणी पाच दिवस पाळतो, कुणी जास्त, काही जण महिनाभर. मासे-मटण बंद, दारू बंद, दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही, बाहेरच्या माणसाचा स्पर्श नको. आंघोळ तळीवर किंवा वाहत्या पाण्यात, मग स्वतः रांधायचं आणि जेवायचं. बरेच जण घर सोडून एकत्र राहतात, पाण्याच्या कडेला झावळ्यांचा मांडव घालून. वर्षभर ज्याला चहाचा कप विसळायला सांगितला तर राग येतो, तो पठ्ठ्या तिथे तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवतो. माझी काकी म्हणते, देवीचा खरा चमत्कार हाच.

जत्रेला जाताना नेसूचं धोतर, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांची माळ, हातात वेताची काठी. काठीला रंगीत लोकरीचे गोंडे असतात, ते विणण्यात आणि सजवण्यात पोरांचे दिवसच्या दिवस जातात. शिरगावात पोचल्यावर तळीत आंघोळ, देवळात दर्शन, मग ढोलाच्या तालावर काठ्या आपटत नाच. होमकुंड म्हणजे लाकडांचा भलामोठा उभा ढीग. तो रात्री पेटवतात. लाकडं जळून निखारे व्हायला वेळ लागतो, म्हणून खरं अग्निदिव्य उत्तररात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. टोळीटोळीने धोंड येतात, देवीचं नाव घेतात आणि निखारे तुडवत पार जातात. काही जण पुन्हा पुन्हा जातात. सगळं उरकलं की गळ्यातली माळ वडावर टाकायची आणि घरी. व्रत सुटलं.

भाजण्याबद्दल काकांना मी लहानपणीच विचारलं होतं. "देवी चलता, आमी तिच्या फाटल्यान वतात" (आम्ही तिच्या मागून जातो), एवढंच म्हणाले.

तर्कटपंजरी

काकांबद्दल पूर्ण आदर, पण कोळशाची बाजूही नोंदवून ठेवू.

लाकडाचा निखारा दिसतो भयंकर, पण तो उष्णता फार हळू सोडतो. त्यावर राखेचा थर असतो, तो आणखी अडवतो. पाऊल टेकतं ते निमिषभर. तेवढ्या वेळात तळव्याला इजा होण्याइतकी उष्णता बहुधा पोचत नाही. तेच जळतं लोखंड असतं तर एका पावलात कातडी गेली असती. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी कुठलंही व्रत न करता निखाऱ्यांवरून चालून दाखवलेलं आहे. भाजतं कुणाला? जो थांबतो, जो पडतो, ज्याच्या बोटांत निखारा अडकतो त्याला. तेव्हा 'सोवळं मोडलं म्हणून भाजला' असं कुणा बिचाऱ्याला ऐकवू नका. भाजलेल्या पायावर चारित्र्याचा डाग, ही मला या प्रथेतली वाईट बाजू वाटते.

काठीवाला

शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. आमच्या गावात एकाला असं ऐकवलं गेलंय. तो पुन्हा गेलाच नाही.

बाकी कोळशाचं शास्त्र धोंडांना नवीन नाही हो. थांबायचं नाही, पाय घासायचा नाही, पुढच्याच्या अगदी मागे राहायचं नाही, हे जुने धोंड नव्यांना शिकवतातच. चमत्कार दाखवायला कोणी जात नाही. देवीने प्रायश्चित्त घेतलं, तर तिची लेकरं तिला एकटीला कशी पाठवतील, असा तो हिशोब आहे.

शिलालेख

रानमोगरा, तुमच्या गोष्टीत इतिहासाचा नकाशा दडलाय असं मला वाटतं.

पोर्तुगीजांचा गोवा एका दमात झाला नाही. तिसवाडी 1510 मध्ये गेली, बार्देस आणि साष्टी 1543 मध्ये. देवळं पाडणं, धर्मांतर, देव रातोरात नदीपलीकडे हलवणं, हे सगळं सोळाव्या शतकात मुख्यतः या जुन्या काबिजातीत, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखात, झालं. डिचोली, सत्तरी, पेडणे तेव्हा त्यांच्याकडे नव्हते. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा मुलूख त्यांच्या हाती लागला 1780 च्या दशकात, म्हणजे धर्मांतराचा तो जोर ओसरल्यावर. नव्या काबिजातीतली देवळं म्हणून शाबूत राहिली.

आता बहिणींचे पत्ते बघा. शिरगाव, मुळगाव, मये हे डिचोली तालुक्यात. मोरजी पेडण्यात. चौघी जणी देवळात सुखरूप. म्हापसा बार्देसमध्ये, तिथली बहीण चर्चमध्ये. म्हापशाचं सेंट जेरोम चर्च 1594 चं. अंजदीव बेट कारवारच्या समोर, तिथे पोर्तुगीजांनी 1505 मध्येच किल्ला बांधला. तिथली बहीण 'समुद्रात गेली'. राजवटीची सीमा जिथून गेली तिथूनच ही भावंडं दुभंगली आहेत. फक्त गोष्टीत परकी सत्ता नाही, आक्रमण नाही. आहे ते घरातलं भांडण.

भाकरवाडीकर

शिलालेख, नकाशा सुबक आहे, पण अंमळ जास्तच सुबक. शीतलाई पाताळात गेली ती कुठल्या काबिजातीत बसवणार? शिवाय सात बहिणी आणि एक भाऊ ही तर अख्ख्या दख्खनची गोष्ट. घाटावर साती आसरा आहेत, त्यांच्याजवळ राखणदार म्हणून म्हसोबा. कोकणात गावोगावी बहिणी-बहिणी देवी आहेत. पोर्तुगीज यायच्या आधीपासून हा साचा तयार असणार, स्थानिक नावं त्यात नंतर भरली.

शिलालेख

साचा जुना आहे हे मान्यच. प्रश्न असा की त्या जुन्या साच्यात एका बहिणीला ख्रिस्ती करून ठेवायचं कुणाला आणि का सुचलं? 'पळवली', 'बाटवली' असं म्हणता आलं असतं. लोकांनी म्हटलं, ती स्वतः गेली, आणि अजून आमचीच आहे.

शीतलाई मात्र नकाशात बसत नाही. तिला पाताळातच राहू द्या.

बार्देसचो_पाव

म्हापशाचा आहे, आता मला बोलायलाच हवं.

मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी सोमवारी येतं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा बघावं. चर्चच्या आवारात हिंदू आणि ख्रिस्ती एकाच रांगेत, हातात मेणबत्ती, हार आणि तेलाची बाटली. तेल सायबिणीला. चर्चच्या रीतीत तेलाचं एवढं प्रस्थ दुसरीकडे कुठे मी पाहिलेलं नाही. आमच्या देवळात दिव्याला तेल घालतात तसंच ते चालतं. बाहेर फेरी भरते: खाजं, चणे, लाकडी सामान, मातीची भांडी. माझी आई हळदीकुंकवाला जावं तशी नटून जायची. कुणी विचारलं कुठे निघालीस, तर उत्तर ठरलेलं: "सायबिणीकडेन."

लोक सांगतात की सायबिणीच्या फेस्ताला शिरगावहून तेल यायचं आणि लईराईच्या जत्रेला म्हापशाहून मोगऱ्याची फुलं जायची. बहिणी-बहिणींची देवघेव. गंमत म्हणजे एकीचा सण तिथीने ठरतो आणि दुसरीचा ईस्टरने. त्यामुळे कधी सायबिणीचं फेस्त आधी येतं, कधी लईराईची जत्रा. 2025 मध्ये तर दोन्ही एकाच आठवड्यात, जत्रा 2 मे आणि फेस्त 5 मे.

शेजारच्या ख्रिस्ती आजी लईराईला 'सायबिणीची भैण' म्हणायच्या. आम्ही सायबिणीला 'लईराईची भैण' म्हणायचो. कोण कोणाच्या नात्याने ओळखली जाते, एवढाच काय तो धर्मभेद.

कंदीलपुष्प

बार्देसचो_पाव, शेवटचा परिच्छेद उचलून आईला पाठवला आहे. ती मडगावची. उत्तर आलं: "आमगेलीय एक गजाल आसा." म्हणून तिच्या वतीने लिहिते.

कुंकळ्ळीची शांतादुर्गा सोळाव्या शतकात फातर्प्याला हलवली. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी 1583 मध्ये पाद्री आणि त्यांच्या सोबतच्यांना मारलं, मग गावकऱ्यांच्या नायकांना कपटाने मारण्यात आलं, तो इतिहास शाळेत असतो. पण देवीचं गावाशी नातं तुटलं नाही. दर वर्षी फाल्गुनात बारा कुळांच्या बारा छत्र्या नाचवत, गुलाल उधळत देवीला फातर्प्याहून कुंकळ्ळीला आणतात. ख्रिस्ती गावकरांचा त्यात मान आहे. म्हणजे शिलालेख म्हणतात तो नकाशा एकट्या डिचोलीचा नाही. तिकडे बहीण गेली, इकडे देवीच गेली, आणि दोन्हीकडे लोकांनी येण्याजाण्याची वाट चालू ठेवली.

पाषाणभेद

हत्तीबद्दल कुणीच बोललं नाही!

डिचोली-सत्तरीत गजलक्ष्मीच्या जुन्या पाषाणमूर्ती जागोजाग आहेत. मध्ये देवी बसलेली आणि दोन्ही बाजूंनी हत्ती सोंडेने अभिषेक करताहेत. या मूर्तींना तिकडे केळबाई म्हणूनच पुजतात. म्हणजे केळबाई आणि हत्ती ही जोडी दगडात आधीपासून आहे. भावंडं 'हत्तीवर बसून आली' हे त्या शिल्पावरून सुचलं असेल का? हा माझा तर्क, पुरावा म्हणून घेऊ नका. पण लोककथा कित्येकदा मूर्तीकडे बघूनच रचल्या जातात. खेतोबाची वाकलेली पाठ हेही त्यातलंच दुसरं उदाहरण असू शकेल.

आणि उलट लईराई. तिची मूर्तीच नाही, ती कळसात.

रानमोगरा

पाषाणभेद, हत्तीचा तर्क पटला. लहानपणी केळबाईच्या मूर्तीपुढे उभं राहून आम्ही हेच समजायचो की हे दोन ते हत्ती.

कळसाबद्दल मी मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, कारण जत्रेनंतरचा भाग व्हिडिओत कधीच येत नाही आणि गावासाठी तोच मोठा. होमकुंड विझतं, धोंड आपापल्या घरी जातात, बाहेरची गर्दी ओसरते. मग पुढचे काही दिवस कौलोत्सव. देवीचा कळस डोक्यावर घेऊन मानकरी घरोघरी जातात. दारात सडा, रांगोळी, ओटीचं ताट. ज्याला जे विचारायचं ते तिथे विचारतो आणि कौल घेतो. मुलीचं लग्न, कोर्टातली जमीन, दुबईची नोकरी, काहीही. माझ्या मावशीने एकदा मुलाच्या बारावीबद्दल विचारलं होतं; कौल चांगला मिळाला, मुलगा नापास झाला. मावशीने पुढच्या वर्षी देवीला त्याचाही जाब विचारला. देवीशी असं बोलता येतं, कारण त्या दिवशी ती पाहुणी म्हणून आपल्या उंबऱ्यावर आलेली असते.

काठीवाला

मावशींना दंडवत.

मांडवीकाठ

गोष्टी छान चालल्यात, पण शिरगावबद्दल बोलायचं आणि खाणींबद्दल बोलायचं नाही हे बरं नाही.

तीस-चाळीस वर्षांत गावाच्या भोवती लोहखनिजाच्या खाणी अशा पसरल्या की घरं आणि देऊळ मध्ये, आणि कडेने खड्डे. खाणीचा खड्डा भूजलाच्या खाली गेला की पाणी उपसावं लागतं, आणि उपसलं की आसपासच्या विहिरी आटतात. शिरगावात तेच झालं. भाताची शेतं मातीने भरली, गावाला टँकरचं पाणी घ्यावं लागलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं, तेव्हा जरा उसंत मिळाली. डिसेंबर 2022 मध्ये जे पहिले खाणपट्टे लिलावात गेले त्यांत पुन्हा डिचोली आणि शिरगावच. मुळगावची मंडळी आपली घरं, देवळं, तळी पट्ट्यातून वगळा म्हणून रस्त्यावर आली.

तेव्हा काठीवाले म्हणतात ते 'तळीवर आंघोळ', 'वाहत्या पाण्यात आंघोळ' हे व्रताचं कलम नीट वाचा. पाणीच गेलं तर धोंड न्हाणार कुठे? देवीच्या नावाने वर्गणी देणारे पुष्कळ भेटतात, पण तिच्या झऱ्यासाठी भांडायला नेहमी तेच मूठभर चेहरे.

तर्कटपंजरी

मांडवीकाठ, या एका मुद्द्यावर मी डोळे झाकून देवीच्या बाजूने.

पेडणेकरीण

मीही एक कडू विषय काढते. 3 मे 2025 ची पहाट. जत्रेच्या गर्दीत, उतारावर चेंगराचेंगरी झाली. सहा जीव गेले, सत्तरच्या वर जखमी. आमच्या ओळखीतलं एक घर त्यात होरपळलं, अधिक लिहवत नाही.

दुसऱ्याच दिवशी फोनवर सुरू झालं, 'देवीचा कोप', 'कुणीतरी सोवळं मोडलं'. वर तर्कटपंजरी यांनी भाजलेल्या पायाबद्दल लिहिलंय तेच इथे. अरुंद वाट, उतार, एकाच वेळी जाणारे आणि येणारे लोंढे, यात देवी कुठे आली? हजारोंचे लाखो झाले आणि वाट तेवढीच राहिली. पूर्वी धोंड आणि त्यांच्या घरची माणसं यायची. आता व्हिडिओ बघून बघे येतात. होमकुंडाभोवती धोंडांना वाट मिळेना इतके.

काठीवाला

त्या रात्री चुलतभाऊ तिथेच होता. सुखरूप आला. काठी हरवली.

बघ्यांबद्दल बरोबर. आमचे काका हल्ली म्हणतात, ज्याचं व्रत नाही त्याने जत्रेच्या रात्री न येता कौलाच्या दिवसांत यावं. देवी तीच असते, रांग लहान असते.

खडकमाळ

म्हणजे माझ्यासारख्याने पंचमीला न जाता नंतर जावं, असंच ना? मी तर आताच कॅमेऱ्याची नवी बॅटरी मागवली होती. राहू दे.

एक शंका. मुळगावच्या केळबाईने डोक्यावर आग घेतली म्हणता, तोही विधी होतो का अजून? आणि शिरगाव, मुळगाव, मये, वायंगिणी एका दिवसात होईल का? सोबत आई असेल, गुडघे दुखतात.

रानमोगरा

होतो. मुळगावच्या जत्रेत पेठ असते, तीच ती डोक्यावरची आग. तिचा दिवस वेगळा, गावात विचारून जा.

चारही ठिकाणं एकमेकांना लागून आहेत, डिचोली बसस्टँडवरून रिक्षा ठरवली तर दुपारपर्यंत आटपतं. आईंना घेऊन जाताय तर सकाळी लवकर निघा, वैशाखातलं ऊन वाईट. आधी वायंगिणीला खेतोबा करा, मग मये, मुळगाव, शेवटी शिरगाव. आमच्याकडे असा काही नियम नाही, पण माझी आजी आधी भावाला भेटायची आणि मग बहिणींकडे जायची. ओटीचं सामान डिचोलीच्या बाजारातच घ्या. मोगरा मात्र शिरगावात.

बार्देसचो_पाव

आणि म्हापसा राहिला की! एवढ्या लांब आलात तर म्हापशाची बहीणही करा. शुक्रवार असेल तर आमचा बाजारही होईल, आईंना सुक्या मिरच्या घेता येतील. चर्चमध्ये तेल न्यायचं असेल तर खोबरेल चालतं.

खडकमाळ

शुक्रवार पक्का. आई विचारतेय, सायबिणीची ओटी भरतात का?

बार्देसचो_पाव

ओटी नाही. हार, मेणबत्ती आणि तेल. आईंनी नारळ आणलाच तर बाहेर गाडीत ठेवा, तो शिरगावला लागेल.